पीकेए मोजताना भिस्त बफरवर

जालना जिल्ह्याची ओळख बियाण्यांची. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि मधल्या काळात बियाण्यांबरोबर बीजप्रक्रियेची औषधेही गावोगावच्या कृषी सेवा केंद्रांत रुळली. कार्बेन्डाझिम हे त्यांतले सर्वांच्या परिचयाचे बुरशीनाशक. बियाण्याला चोळलेले हे औषध काळ्या जमिनीत गेल्यावर विद्युतभारित असते की उदासीन, यावर ते मातीला धरून राहते की पाण्याबरोबर सरकते, हे बरेचसे ठरते. आणि भारित की उदासीन हे ठरवतो एकच आकडा, पीकेए. कार्बेन्डाझिम ही दुर्बल आम्लारी आहे आणि तिचा पीकेए सुमारे ४.२ आहे. म्हणजे पीएच ४.२ असलेल्या पाण्यात तिचे निम्मे रेणू धनभारित असतात, तर मराठवाड्यातल्या ८ पीएचच्या जमिनीत भारित रेणूंचे प्रमाण दहा हजारांत दीड-दोनच्या वर जात नाही. याउलट २,४-डी हे तणनाशक आम्ल आहे, त्याचा पीकेए ३ च्याही खाली; त्याच जमिनीत ते जवळजवळ पूर्णपणे ऋणभारित होते आणि पाण्याबरोबर वाहू शकते. एवढे सगळे एका आकड्यावर अवलंबून असेल, तर तो आकडा कसा मोजला हे विचारायलाच हवे. जालन्यातल्या महाविद्यालयांत रसायनशास्त्रात एमएस्सी करणारे विद्यार्थी, २०१८ पासून इथे सुरू झालेल्या आयसीटीच्या (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) मराठवाडा परिसरातले विद्यार्थी आणि बियाणे कंपन्यांच्या प्रयोगशाळांत काम करणारे यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्यातले मुख्य म्हणणे आधीच सांगतो: कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने पीकेए काढताना यंत्राची चिंता कमी करा, बफरची जास्त करा.

या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. काचेसारख्या सिलिकाची, आतून ५० मायक्रोमीटर व्यासाची, अर्धा-पाऊण मीटर लांबीची नळी बफरने भरायची, तिच्या दोन टोकांना २०-३० हजार व्होल्टचा दाब द्यायचा आणि पदार्थ शोधकापर्यंत किती वेळात पोहोचतो ते पाहायचे. जेम्स जॉर्गेनसन आणि क्रिन लुकाच यांनी १९८१ मध्ये अशा बारीक नळ्यांतून उत्तम विलगीकरण होते हे दाखवून दिले आणि तिथून ही पद्धत रुजली. आयन विद्युतक्षेत्रात ज्या वेगाने सरकतो त्याला क्षेत्राच्या तीव्रतेने भागले की त्याची गतिशीलता मिळते. दुर्बल आम्ल किंवा आम्लारीचा रेणू मात्र क्षणात भारित, क्षणात उदासीन असा बदलत राहतो. त्यामुळे आपल्याला दिसते ती सरासरी, म्हणजे पूर्ण भारित रूपाची गतिशीलता गुणिले भारित रेणूंचा अंश. पीएच बदलत गेलो की ही सरासरी शून्यापासून कमाल किमतीपर्यंत एस आकाराच्या वक्राने चढते किंवा उतरते, आणि ती बरोबर निम्मी होते तो पीएच म्हणजे त्या द्रावणातला पीकेए. इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही की आपण मोजतो ती फक्त वेळ. नळीत पदार्थ किती गेला, तो किती शुद्ध होता, हे माहीत असण्याची गरज नाही.

पहिला आक्षेप इथेच येतो: ब्युरेट आणि पीएच मीटर प्रत्येक महाविद्यालयात आहे, टायट्रेशनने पीकेए निघतो, मग हे महागडे यंत्र कशाला? मोसंबीतले सायट्रिक आम्ल घेतले तर आक्षेप खरा आहे. ते पाण्यात भरपूर विरघळते, शुद्ध मिळते, आणि त्यासाठी टायट्रेशन पुरेसे आहे. कार्बेन्डाझिमचे तसे नाही. उदासीन पाण्यात ते लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम विरघळते; रेणुभार १९१ धरला तर ही संहती सुमारे ०.००००४ मोलर होते. नेहमीच्या टायट्रेशनला याच्या किमान वीस-पंचवीस पट संहती लागते. आम्लात विरघळवून वरून अल्कली घालत गेलात तर मधेच साका बसतो आणि पीएचचा वक्र पीकेएऐवजी विद्राव्यतेची गोष्ट सांगू लागतो. शिवाय दुकानात मिळणारी भुकटी ५० टक्क्यांची, बाकी निम्मी माती आणि ओलावा धरणारी द्रव्ये. ती सगळी टायट्रेशनमध्ये आपापला वाटा उचलतात. कॅपिलरीत मात्र विरघळलेली इतर द्रव्ये वेगळ्या वेळी शोधकापुढून जातात आणि कार्बेन्डाझिमचा उंचवटा आपल्या जागी उरतो. न विरघळलेली माती अर्थातच आधी गाळून काढायची. अतिनील शोषणमापनानेही इतक्या विरल द्रावणात पीकेए निघतो, ही गोष्ट मान्य. पण त्यासाठी भारित आणि उदासीन रूपांचे शोषण वेगळे असावे लागते आणि नमुना शुद्ध लागतो. जिथे नमुना थोडा, अशुद्ध किंवा न विरघळणारा आहे, तिथे कॅपिलरीला तोड नाही. इतरत्र साधी पद्धत वापरण्यात काही कमीपणा नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब. समजा नळीची एकूण लांबी ६० सेंटिमीटर, शोधकापर्यंतची ५० सेंटिमीटर आणि दाब २० हजार व्होल्ट. दोन लांबींचा मीटरमधला गुणाकार भागिले व्होल्ट, आणि त्याला सेकंदांतल्या वेळेने भागायचे. सोयीसाठी एक एकक म्हणजे दहाच्या उणे नवव्या घाताइतके चौरस मीटर प्रति व्होल्ट-सेकंद असे धरले, तर या नळीसाठी गतिशीलता म्हणजे १५,००० भागिले वेळ. पण नळीतला द्रवही भिंतीवरील भारामुळे स्वतःच वाहत असतो. त्याचा वेग कळावा म्हणून नमुन्यात डायमिथाइल सल्फॉक्साइडसारखे उदासीन द्रव्य मिसळतात. ते ६०० सेकंदांनी आले तर प्रवाह २५ एकके. आपला पदार्थ ४०० सेकंदांनी आला तर एकूण ३७.५ एकके, फरक १२.५, ही पदार्थाची स्वतःची गतिशीलता. पूर्ण भारित रूपाची गतिशीलता २८ निघाली असेल, तर १२.५ म्हणजे आपण निम्म्याच्या जवळ, पीकेएपासून थोडे वर आहोत.

याच उदाहरणावरून चुकांची प्रतवारी करता येते आणि वर सांगितलेले मुख्य म्हणणे त्या प्रतवारीवरच उभे आहे. वक्राचा चढ मध्यावर सर्वांत तीव्र असतो. तिथे पीएच एकने बदलला तर गतिशीलता कमाल किमतीच्या साधारण ५८ टक्के वेगाने बदलते. २८ एककांसाठी हा चढ पीएचच्या एककामागे सुमारे १६. वेळ मोजण्यात एका सेकंदाची चूक झाली, ४०० ऐवजी ३९९ धरले, तर गतिशीलता ०.०९ एककांनी बदलते आणि पीकेएत जेमतेम ०.००६ चा फरक पडतो. नळीचे तापमान एका अंशाने चुकले तर पाण्याची चिकटाई सुमारे २ टक्क्यांनी बदलते, गतिशीलताही तेवढीच; मध्यावर याचा परिणाम पीकेएत ०.०२ च्या आत राहतो. पण पीएच मीटर ०.०५ ने चुकला, तर ती चूक जशीच्या तशी, पूर्ण ०.०५, उत्तरात उतरते. आणि आयनी सामर्थ्याची दुरुस्ती करायचीच राहिली, तर चूक याहून मोठी होऊ शकते. कितीपर्यंत, ते सायट्रिक आम्लाच्या निमित्ताने पुढे येईल. म्हणजे यंत्राच्या कोणत्याही दोषापेक्षा बाटलीतल्या बफरचा दोष जास्त महाग पडतो. नवे यंत्र मिळेपर्यंत थांबणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा.

तर बफर कसे करावेत? कार्बेन्डाझिमसाठी पीएच २.२ ते ६.५ या पट्ट्यात आठ-दहा बफर पुरतात. त्यांतले निम्मे ३.५ ते ५ च्या दरम्यान ठेवा, कारण वक्राचा मध्य तिथे आहे. प्रत्येक बफर त्याच्या स्वतःच्या पीकेएच्या एक एककाच्या आत वापरा: फॉस्फेट २.१५, फॉर्मेट ३.७५, अॅसिटेट ४.७६, एमईएस ६.१. सर्व बफरांचे आयनी सामर्थ्य एकच हवे, ०.०२ मोलर ही चांगली निवड. अॅसिटेट आणि फॉर्मेटच्या बाबतीत युक्ती सोपी आहे: सोडियम हायड्रॉक्साइड प्रत्येक बाटलीत ०.०२ मोलरच ठेवायचे आणि पीएच फक्त आम्लाचे प्रमाण कमी-जास्त करून साधायचा. भारित आयनांची संख्या सोडियमने ठरत असल्यामुळे आयनी सामर्थ्य आपोआप सारखे राहते. खालच्या टोकाला मात्र हायड्रोजन आयन विसरून चालत नाही. पीएच २.२ ला तेच ०.००६ मोलर असतात, म्हणून तिथे सोडियम ०.०१४ मोलरपर्यंत उतरवावे लागते. पीएच मीटर दोन प्रमाण बफरांवर लावा, मोजायचा पीएच त्या दोहोंच्या मधे येऊ द्या, आणि बफर बनवल्या दिवशीच मोजा. फॉर्मेट-अॅसिटेटच्या बाटल्यांना आठवड्यात बुरशी धरते.

जालन्यात दोन गोष्टींकडे खास लक्ष द्यायला हवे: ऊन आणि पाणी. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि प्रयोगशाळेत एसी नसेल तर बाटलीतला बफरही तेवढाच तापतो. नळीचे तापमान यंत्राने २५ अंशांवर धरले आणि पीएच टेबलावर ४० अंशांना मोजला, तर दोन आकडे दोन वेगळ्या द्रावणांचे ठरतात. ट्रिस बफरचा पीएच दर अंशाला ०.०२८ ने उतरतो. १५ अंशांच्या फरकाने ०.४ च्या वर घोटाळा. फॉस्फेटमध्ये हाच फरक ०.०४ आणि अॅसिटेटमध्ये नगण्य. म्हणून बाटल्या पाण्याच्या टबात ठेवून २५ अंशांवर आणा आणि मगच मोजा. ट्रिस शक्यतो टाळा. नळीच्या आत वीज वाहते तीही उष्णता निर्माण करते. ०.०२ मोलर अॅसिटेट, ५० मायक्रोमीटर नळी आणि २० हजार व्होल्ट असताना प्रवाह सुमारे १२ मायक्रोअँपियर येतो, म्हणजे नळीच्या मीटरमागे अर्धा वॅटही नाही. पीएच २.२ ला तो दुप्पट होतो. खात्री करायची असेल तर व्होल्टेज पाच-पाच हजारांनी वाढवत प्रवाहाचा आलेख काढा. सरळ रेष सोडून तो वर वळू लागला की नळी तापते आहे असे समजा आणि त्याच्या खालचे व्होल्टेज निवडा. राहिले पाणी. इथल्या काळ्या बेसाल्टमधून उपसलेले बोअरचे पाणी जड असते, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते. आरओचे पाणी पिण्याला चालते, बफरला नाही. कॅल्शियम सायट्रेटला घट्ट धरून बसते, फॉस्फेटबरोबर साका देते, आणि दोन्ही ठिकाणी गतिशीलता फसवी निघते. नुकतेच डीआयनाइज केलेले पाणीच वापरा. दिलासा हा की पाणी फार लागत नाही: ६० सेंटिमीटरच्या नळीत सव्वा मायक्रोलिटरही मावत नाही, आणि दिवसभराच्या कामाला काही मिलिलिटर बफर पुरतो.

नमुना चालवताना कार्बेन्डाझिम आधी थोड्या विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवा आणि पाण्याने दहापट विरल करून, सूक्ष्म गाळणीतून गाळून घ्या. लिटरमागे ५ मिलिग्रॅम पुरते. ५० मिलिबारने ५ सेकंद दिलात तर सुमारे ७ नॅनोलिटर आत जाते. एवढ्याशा नमुन्याने नळीतल्या बफरचा पीएच हलत नाही. नवी नळी प्रथम सोडियम हायड्रॉक्साइड, मग पाणी, मग बफर अशी धुवा, आणि बफरांची मालिका कमी पीएचकडून जास्तीकडे एकाच दिशेने चालवा. सिलिकाची भिंत आधीच्या पीएचची सवय लवकर सोडत नाही. उलटसुलट उड्या मारल्या तर प्रवाह डळमळतो. पीएच ३ च्या खाली नळीतला प्रवाह इतका मंदावतो की उदासीन द्रव्य यायला पाऊण तास लागू शकतो. अशा वेळी व्होल्टेजबरोबर नळीच्या मागच्या टोकाला हलका दाब कायम ठेवा. तो दाब पदार्थालाही तेवढाच ढकलतो आणि उदासीन द्रव्यालाही, त्यामुळे वजाबाकीत निघून जातो. नमुन्यात आणखी एक द्रव्य मिसळावे असे आग्रहाने सांगावेसे वाटते: बेन्झिल ट्रायमिथाइल अमोनियमसारखा कायम भारित आयन. त्याचा भार पीएचने बदलत नाही, म्हणून सर्व बफरांत त्याची गतिशीलता एकच यायला हवी. ती एखाद्या बफरमध्ये वेगळी आली, तर त्या बाटलीचे आयनी सामर्थ्य चुकले आहे किंवा नळी तापली आहे. तो बिंदू आलेखातून काढून टाकण्याआधी बाटली नव्याने करून पाहा. २० हजार व्होल्ट हातात आहेत याचे भान ठेवून झाकणाचा सुरक्षा स्विच कधीही बांधून ठेवू नका.

सगळे बिंदू हाती आले की वक्र बसवायचा. पण निम्म्या गतिशीलतेचा पीएच म्हणजे त्या आयनी सामर्थ्याचा पीकेए. कोष्टकात लिहायचा तो शून्य आयनी सामर्थ्याचा. दोहोंतला फरक डेव्हिस समीकरणाने काढता येतो आणि ०.०२ मोलरला एका भारासाठी तो ०.०६ येतो. दिशा लक्षात ठेवा: आम्लाला ०.०६ मिळवायचे, आम्लारीतून वजा करायचे. कार्बेन्डाझिमचा मध्य ४.२६ ला दिसला तर उत्तर ४.२०. एकाच भाराच्या बाबतीत ही दुरुस्ती किरकोळ वाटेल, पण मोसंबीतले सायट्रिक आम्ल घ्या. त्याला तीन पीकेए आहेत: ३.१३, ४.७६ आणि ६.४०. भार वाढत गेला की दुरुस्ती लागोपाठच्या दोन भारांच्या वर्गांतल्या फरकाच्या प्रमाणात वाढते, म्हणून त्याच ०.०२ मोलर बफरमध्ये पहिला ३.०७, दुसरा ४.५८ आणि तिसरा थेट ६.१० च्या आसपास दिसतो. ०.३ ची ही तूट आहे, आणि ती सोडून दिली तर कोणत्याही चांगल्या यंत्राने ती भरून येणार नाही. तिन्ही पीकेए इतके जवळ आहेत की त्यांचे वक्र एकमेकांत मिसळतात. तीन पीकेए आणि तीन गतिशीलता अशी सहा अज्ञाते एकदम काढायची असतात, म्हणून तिथे बारा-पंधरा बफर हवेत. गतिशीलतेलाही आयनी सामर्थ्याची ओढ असते आणि बहुभारित आयनांत ती बरीच मोठी असते. हा हिशेब कागदावर करत बसण्याची गरज नाही. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातील बोहुस्लाव गाश यांच्या गटाने पीकमास्टर आणि अँग्लरफिश ही सॉफ्टवेअर मोफत दिली आहेत; पहिले बफरचे आयनी सामर्थ्य आणि पीएच काढून देते, दुसरे मोजलेल्या गतिशीलतांवरून शून्य सामर्थ्याचे पीकेए आणि गतिशीलता.

मग कोणी म्हणेल, सगळे आकडे पुस्तकांत आहेत, नसतील ते संगणक रेणूच्या रचनेवरून सांगतो; मोजायचेच कशाला? कोष्टकातला आकडा कोणत्या तापमानाचा, कोणत्या आयनी सामर्थ्याचा हे लिहिलेले नसेल तर तो अर्धाच आकडा असतो, हे सायट्रिक आम्लाने वर दाखवलेच. संगणकाचा अंदाज माहितीतल्या रेणूंवरून बांधलेला असतो. नव्या रेणूसाठी तो सुरुवात म्हणून घ्यावा, निकाल म्हणून नाही. दुसरी शंका जास्त रास्त आहे: महाविद्यालयाचा पीएच मीटर ०.०५ पर्यंत तरी विश्वासाचा असतो का? नसेल तर बार्सिलोना विद्यापीठातल्या संशोधकांनी रूढ केलेला अंतर्गत प्रमाणकाचा मार्ग आहे. ज्याचा पीकेए पक्का माहीत आहे असा जवळचा पदार्थ त्याच नमुन्यात मिसळायचा. कार्बेन्डाझिमसाठी अॅनिलिन चालते, त्याचा पीकेए २५ अंशांना ४.६०. दोन्ही एकाच बफरमधून, एकाच क्षणी जात असल्यामुळे दोघांना लागणारा पीएच एकच असतो. आपण मोजतो तो दोन पीकेएंमधला फरक, आणि त्या फरकातून पीएच मीटरची चूक निघून जाते. यंत्राच्या किमतीचा प्रश्न उरतो, पण यंत्र आपल्या मालकीचे असलेच पाहिजे असे नाही. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची यंत्रे नोंदलेली आहेत आणि त्यांवर वेळ आरक्षित करता येतो. बफर जालन्यात तयार करून, तपासून, सोबत नेता येतात, आणि या कामातला अवघड भाग तोच आहे.

निकाल लिहिताना नुसता पीकेए लिहू नका. तापमान, आयनी सामर्थ्य, कोणते बफर, किती बिंदू, उदासीन द्रव्य कोणते, दुरुस्ती कोणत्या समीकरणाने केली आणि अनिश्चितता किती, हे सोबत नसेल तर दुसऱ्याला तो आकडा पडताळता येणार नाही. आणि कार्बेन्डाझिमला हात लावण्यापूर्वी अॅनिलिन एकटे चालवा. अॅनिलिन विषारी आहे, हातमोजे आणि धूरकपाट सोडू नका. त्याचा पीकेए ४.५५ ते ४.६५ च्या दरम्यान आला तर तुमचे बफर, तुमचा मीटर आणि तुमची दुरुस्ती तिन्ही नीट आहेत. मग कोणताही नवा रेणू घ्या. नाही आला, तर यंत्राच्या सेटिंगमध्ये वेळ घालवण्याआधी सगळ्या बाटल्या ओतून द्या आणि बफर पहिल्यापासून करा.